पाव फेरा

बशीत पाणी, पाण्यात कुणाची तरी खालची कवळी. धाकटीने ती शनिवारी सकाळी दातांच्या प्रयोगशाळेत घासून पुरी केली होती. मालकाचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं, पण तो डाव्या बाजूने चावतो एवढं तिला माहीत होतं.

दादाच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात एक डबा आहे. त्यात नुसते तासकाटे. मिनिटकाटे कुठे जातात ते दादाला आजवर कळलेलं नाही.

आत्याच्या निळ्या झग्याला खाली घोट्यापाशी एक जोड आहे. शिवण इतकी सुबक, की जोड शोधायला आत्याला स्वतःलाच चष्मा लागतो. तरी ती दाखवते.

वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी शिकली. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो. अप्पांच्या खुर्चीत बसलं तरी चालतं, पण ती जागची हलवायची नाही. तिसरी गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती, ती तिने बघून बघून उचलली.

एक जुनी गोल पेटी, आत लाल कापड. आजोबांची झांज तिच्यात अशी बसते की कडेने नख घालायलाही जागा उरत नाही. अप्पा म्हणतात, दोघी एकमेकींसाठीच घडल्या.

टक्.

*

हे 'टक्' झांजेचं. शनिवारी दुपारी, जेवणाला बसायच्या जरा आधी, धाकटी बाहेरच्या खोलीत ड्रमपाशी बसली, काठी उचलून तिने मोठ्या झांजेवर मारली, आणि झांजेने नेहमीसारखं 'झंऽऽ' म्हणायचं सोडून 'टक्' म्हटलं.

धाकटीने पुन्हा मारलं नाही. काठी तिने मांडीवर ठेवली, कारण स्वयंपाकघरातले आवाज एकदम थांबले होते. या घरात काचेचा पेला फुटला तर कुणी मान वळवत नाही. पण झांजेचा सूर बिघडला की चुलीवरचं चुलीवर राहतं.

आधी अप्पा आले, खांद्यावर टॉवेल. मग बँडमध्ये गाणारी आत्या आली. तिचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण शनिवारी ती इकडेच असायची. मग दादा जिन्यावरून उतरला, डोळ्याला भिंग तसंच चिकटलेलं. शेवटी वहिनी, हातात डाव. ड्रम उभे असत ते जिन्याच्या तोंडाशी, स्वयंपाकघराच्या वाटेवर. त्यामुळे ज्याला कुठूनही कुठे जायचं असेल त्याला झांजेला वळसा घालूनच जावं लागे. म्हणून जमायला वेळ लागला नाही.

अप्पांनी झांजेच्या काठावर बोट टेकवलं आणि फिरवत नेलं. खिडकीच्या बाजूला बोट थांबलं. तिथे केसासारखा एक तडा होता, काठापासून आत गेलेला.

"हात जड आहे," अप्पा म्हणाले.

कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

*

धाकटीला ते लागलं, आणि लागायचं कारण होतं.

आजोबांनी नाचाच्या हॉलमध्ये उभा जन्म हीच झांज वाजवली. त्यांच्यामागे अप्पांनी. गेल्या हिवाळ्यात अप्पांचा खांदा धरला तो सुटलाच नाही, आणि तेव्हापासून दर शनिवारी बँडमध्ये ड्रमवर उसना माणूस बसू लागला. तो कसा वाजवतो यावर अप्पा रविवारपासून शुक्रवारपर्यंत बोलत. आज पहिल्यांदा त्या जागी धाकटी बसणार होती. 'बस' एवढं म्हणायला अप्पांना अर्धं वर्ष लागलं होतं, आणि म्हणाले तेही अट घालून. आवाज बदलता कामा नये. नाचणाऱ्यांनी डोळे मिटले तर वर कोण बसलंय ते त्यांना कळता कामा नये.

धाकटीने मान डोलावली होती. तिला ती जागा हवी होती. दिवसभर दातांच्या प्रयोगशाळेत परक्यांचे दात कोरताना ती टेबलाखाली पायाने ठेका धरून असायची, एवढं तिला ते हवं होतं. आता हातात ती जागा येता येता झांज गेली, आणि गेली ती तिच्या हाताने. ठोका जोरात पडत होता का? आठवड्याभराचे सगळे ठोके ती मनात पुन्हा मारून बघू लागली. प्रत्येकच जड वाटायला लागला.

*

जेवताना घराचे तीन पक्ष पडले.

पहिला दादाचा. दादाचं म्हणणं, तडा गेला तो गेला, रडून उपयोग नाही, झांजेचं भिंतीवरचं घड्याळ करू. मधोमध भोक आयतंच आहे. बारा आकडे कसे बसतील, काटे किती लांबीचे लागतील, सगळं त्याने एका दमात सांगितलं. एवढी मापं कधी घेतलीस, असं धाकटीने विचारल्यावर त्याने पाण्याचा पेला बराच वेळ तोंडाला लावून ठेवला. वहिनी नवऱ्याच्या बाजूने होती, पण घड्याळासाठी नव्हे. वाटेतलं एक तरी धूड भिंतीवर जाईल म्हणून.

दुसरा पक्ष अप्पांचा. कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे न्यायची, तडा सांधून घ्यायचा, संध्याकाळी वाजवायची. आत्या अप्पांच्या बाजूने. त्यांची लहान बहीण म्हणून ती जन्मापासून अप्पांच्या बाजूने होती आणि मध्ये कधी विचार करायला थांबली नव्हती.

तिसऱ्या पक्षात धाकटी एकटीच. तिने समजावून सांगितलं, की हे कासं आहे, लोखंड नव्हे. त्याला एका जागी आच दिली की भोवतालचं सगळं बिस्किटासारखं होतं. सांधा राहील आणि झांज त्याच्या शेजारी फुटेल, तीही बहुतेक दुसऱ्याच गाण्याला. उपाय एकच. तडा जिथे संपतो तिथे बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग काठापासून त्या भोकापर्यंतची चीर फाकेसारखी कापून काढायची आणि कडा घासून गोल करायच्या.

'कापून' म्हटल्यावर आत्याने चमचा खाली ठेवला.

"माझ्या बापाची वस्तू आहे ती," अप्पा म्हणाले. "त्यांनी आणली तशीच्या तशी आहे. ना त्यांनी तिला कधी हत्यार लावलं, ना मी. तू पहिली असणार का?"

"मी वाजवणारी आहे, अप्पा."

"मग आज मीच बसतो. लहान झांजेवर भागवतो."

आणि खांदा आता कसा बरा आहे ते दाखवायला त्यांनी हात वर उचलला. हात कानापर्यंत गेला आणि तिथेच अडला. तेव्हा त्यांनी कान खाजवला, जणू उचलला होता तो त्याचसाठी.

वहिनीने अप्पांच्या ताटात न विचारता वाढलं. धाकटीला पुढचं सगळं दिसत होतं. अप्पा बसणार, मध्यंतरापर्यंत खांदा बोलायला लागणार, उसन्या माणसाला निरोप जाणार आणि तो कायमचा बसणार. आणि घरात पुढची वीस वर्षं सांगितलं जाणार, की धाकटी बसणारच होती, पण तिने झांज फोडली.

*

अप्पांनी हुकूम सोडला: जेवण आटोपून झांज काढा, वेल्डर चारला बंद करतो.

झांज उभ्या दांड्यावर असते; हॉलमध्येही अलीकडे पेटीतून नव्हे, दांड्यासकटच जाते. तिच्या खाली-वर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एकेक जाड चकती, आणि वरच्या चकतीवर दोन कानांचा नट. नट बोटाने फिरतो. त्यासाठीच त्याला कान दिलेले असतात. दादाने कान धरून पिळले. नट ढिम्म. त्याने हात पुसून पुन्हा पिळले. मग अप्पांनी त्याला बाजूला केलं आणि चांगल्या हाताने लावून पाहिलं, आणि घड्याळजींची बोटं नाजूकच असायची असं काहीतरी पुटपुटले, पण नट त्यांनाही हलला नाही. आत्याने तेल सुचवलं. तेल घातलं. नट तेलकट झाला.

शेवटी पक्कड आणली. दादाने पक्कड धरली, धाकटीने दांडा धरला, अप्पांनी सूचनांचा सूर धरला. 'कर्र' झालं आणि नट सुटला.

नटाखालची चकती धाकटीने उचलली. नवी असताना ती बोटभर जाड असते. ही पोस्टाच्या पाकिटाएवढी होती, आणि दगडासारखी कडक.

"एवढं कुणी आवळलं?" तिने विचारलं.

अप्पा म्हणाले, त्यांनी काही एवढं आवळलं नाही. फक्त जाता-येता पाव फेरा. ते तर करावंच लागतं. फार वर्षांपूर्वी आत्या निळ्या झग्यात गात होती, त्या रात्री ऐन गाण्यात नट सुटून झांज दांड्यावरून उडाली नव्हती का? आत्याने लगेच सूत्रं हाती घेतली. झांज तिच्या पायापाशी आली, झग्याची किनार कापली, मंचावरून उतरली आणि नाचणाऱ्या जोडप्यांमधून घरंगळत थेट दारापर्यंत गेली. मागच्या वर्षीपर्यंत आत्याच्या गोष्टीत ती मंचाच्या कडेलाच थांबत असे. तेव्हापासून आजोबांनी सांगून ठेवलं होतं, की नटावर नजर ठेवा, आणि आत्या दर गाण्याच्या आधी हात लावतेच. तीही फक्त पाव फेरा.

दादाने घसा साफ केला. जिन्यावरून उतरताना तोही देतो. सवय आहे. पाव.

धाकटीने काही बोलायच्या आधी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. वाजवायला बसताना तिचा हात आधी कुठे जातो ते तिला आत्ताच दिसलं.

"मी पण," वहिनी म्हणाली.

सगळे वळले. वहिनीचा आणि बँडचा संबंध एवढाच, की ती बँडच्या लोकांना चहा देते.

"असं बघू नका. मी या घरात आले तेव्हा बघितलं, इथून जाणारा प्रत्येक जण त्याचे कान पिळून जातो. मला वाटलं, या घरची रीत असेल. सकाळी केर काढताना एकदा, संध्याकाळी दिवा लावताना एकदा. आणि पाव नाही, मी चांगला अर्धा द्यायचे. म्हटलं, नवी सून, कमी पडायला नको."

सगळ्यांत आधी आत्या हसली. मग दादा. वहिनीला आधी राग आला, मग तीही हात तोंडावर धरून हसत सुटली. पाच माणसं, वर्षानुवर्षं, प्रत्येकाला वाटायचं की घराची काळजी आपल्या एकट्यालाच आहे. सैल करायला मात्र कुणी एकदाही हात लावला नव्हता.

अप्पा हसत नव्हते. त्यांनी धाकटीच्या हातातून चकती घेतली आणि अंगठ्याने दाबून पाहिली. ठोका बसला की झांज डोलली पाहिजे, हे धाकटीला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. डोलता आलं नाही तर मार कुठे जाणार? काठावर.

"हात जड होता, अप्पा," धाकटी म्हणाली. "पण तो एकटा माझा नव्हता. पाचांचा होता."

अप्पा खुर्चीत जाऊन बसले. चकती त्यांनी खिशात टाकली, पुन्हा काढली.

"काप," ते म्हणाले. "मी बघणार नाही."

*

त्यांनी खरंच बघितलं नाही. ते मागच्या दारी कुंड्यांना पाणी घालायला गेले.

धाकटीने प्रयोगशाळेतून आपलं हँडपीस आणलं. दात कोरायचं हत्यार. पेनसारखं हातात बसतं आणि टोकाला मोहरीएवढं पातं फिरतं. स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉवेल अंथरला, त्यावर झांज उपडी घातली. कवळीला तडा गेला तर तो नेमका कुठवर गेलाय ते डोळ्याला दिसत नाही; शाई चोळून पुसायची, शाई तड्यात राहते. वहिनीने शिक्क्याच्या गादीची शाई काढून दिली. चोळली, पुसली, आणि निळी रेघ सगळ्यांच्या अंदाजाच्या पुढे अर्धं बोट निघाली. दादाने भिंग लावून तिचं टोक दाखवलं. आता घड्याळाचं नावही तो काढत नव्हता. नाक झांजेला टेकवून पडला होता आणि धाकटीला 'थोडं डावीकडे' सांगत होता. वहिनी चमच्याने थेंब थेंब पाणी सोडत होती, म्हणजे कासं तापू नये. वाटेत धूड नको म्हणणारी तीच. आत्याला दुसरं काम नव्हतं म्हणून तिने कड दोन्ही हातांनी दाबून धरली.

पातं काशाला लागलं तसा असा आवाज निघाला, की चौघांनीही आपापल्या दाढेवरून जीभ फिरवून घेतली.

पहिलं पातं बोथटलं. दुसरं तुटून साखरेच्या डब्यामागे गेलं. तिसऱ्याने भोक पडलं. मग गोल पातं लावून तिने दोन्ही बाजूंनी कापत आणलं, आणि सुपारीच्या फोडीसारखा एक तुकडा टॉवेलवर पडला. दादाने तो उचलला, उजेडात धरला आणि शर्टाच्या खिशात ठेवून वरून हात फिरवला. त्याला लंबक मिळाला होता.

कानशीने कडा घासताना धाकटीने अंगठा झांजेच्या काठावरून सगळीकडून फिरवून पाहिला. कापलेल्या जागेपासून दूर, जुन्या काठावरही तिला कानशीसारखेच बारीक ओरखडे लागले. जुनी वस्तू आहे, असायचेच, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

"झालं का?" मागच्या दारातून आवाज आला. अप्पांनी इतका वेळ एकाच कुंडीला पाणी घातलं होतं, आणि त्या पाण्याबरोबर वाहत वहिनीच्या चपला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या होत्या.

*

धाकटीने झांज दांड्यावर चढवली. दोन नव्या चकत्या, वर नट, बोटाने जेमतेम बसवलेला. झांज लगेच डोलायला लागली, आणि पाचही जणांचे हात आपापल्या जागी जरासे वळवळले.

तिने मारलं.

आवाज तो नव्हता. 'झंऽऽ' राहिलं होतं, पण आखूड झालं होतं, आणि जरा कोरडं. एक काहीतरी राखेसारखं त्याच्या पाठीमागून येत होतं. डोळे मिटून ऐकणाऱ्याला लगेच कळलं असतं, की वर कुणी वेगळं बसलंय. अप्पांचे डोळे मिटलेलेच होते. धाकटीने काठी धरून ठेवली. एवढं सगळं करून अट मोडली होती, आणि ती आता काय ऐकायला लागणार त्याची वाट बघत होती.

"पुन्हा," आत्या म्हणाली.

धाकटीने मारलं, आणि आत्याने त्याच्यावर आपल्या नेहमीच्या गाण्याची शेवटची ओळ म्हटली. ती ज्या लांबलचक शेवटच्या स्वरासाठी प्रसिद्ध होती, त्याच स्वराची ओळ. पण स्वर तिने लांबवला नाही. म्हटला आणि ठेवून दिला.

"ही जागा देते," ती म्हणाली. "आधीची माझ्या शेवटच्या शब्दावर येऊन बसायची. उठायचीच नाही. मी आपली ताणत राहायचे, ही कधी एकदा गप्प होते म्हणून."

अप्पांनी डोळे उघडले. "तो स्वर तू त्यासाठी ताणायचीस?"

"मग काय हौस होती?"

"लोक त्यासाठी तिकिटं काढून यायचे."

"त्यांना काय माहीत."

जन्मापासूनची एक बाजू अशी, चहाची वेळ व्हायच्या आत, बदलली. अप्पांनी विचारलं, हे इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस. आत्या म्हणाली, वडिलांची झांज होती, कसं सांगणार.

अप्पा वरच्या खोलीत गेले आणि संध्याकाळपर्यंत उतरले नाहीत. बसायचं कुणी, ते सांगायचं राहूनच गेलं.

*

हॉलमध्ये गर्दी नेहमीची होती. मंचावर सगळे आपापल्या जागी होते आणि ड्रमच्या मागचं स्टूल रिकामं. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि मंचाच्या पायरीशी उभे होते. त्या शर्टाचा अर्थ काय लावायचा ते धाकटीला कळेना. वाजवणारा इस्त्रीचा शर्ट घालतो. ऐकायला येणाराही घालतो.

ती स्टुलावर बसली नाही. त्याच्या शेजारी उभी राहिली, काठ्या हातात.

आत्या माइककडे जाताना झांजेपाशी आली. तिचा हात सवयीने नटाकडे गेला, मध्येच थांबला आणि तिने तो केसांवरून फिरवला.

मग अप्पा पायऱ्या चढून वर आले. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं नाही. सरळ झांजेपाशी गेले आणि चांगला हात नटावर ठेवला. खाली पहिल्या रांगेत बसलेल्या दादाने वहिनीचं मनगट धरलं.

अप्पांनी नट फिरवला. उलट्या बाजूला, पाव फेरा.

मग कापलेल्या जागेजवळ एका बोटाने टिचकी मारली, झांज डोलते का ते पाहिलं, आणि बोट त्या नव्या फटीच्या गोल कडेवरून एकदा फिरवलं.

"कड छान घासलीस," ते म्हणाले. "बस आता. लोक थांबलेत."

आणि खाली उतरून ते भिंतीला टेकून उभे राहिले, डोळे उघडे ठेवून.

धाकटी बसली.

*

आजोबांनी झांज विकत आणली तेव्हा ती बावीस इंची होती. पेटीत मावेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती एका लेथवाल्याकडे नेली, दोन इंच कापून घेतली आणि काठ घरी बसून कानशीने घासला.